भरतीच्या वेळी पाखरे कोठे बसतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनी तुम्ही बोलायचे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा पापडांच्या कामाविषयी बोलायचे असेल अशी माझी समजूत झाली. आजवर या व्यासपीठावर मी दोनदाच उभी राहिले आहे आणि दोन्ही वेळा माझ्या हातात लाटणे होते. पण त्या म्हणाल्या, "छे हो, तुम्ही सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून जाता कोठे, ते सांगा." या गोष्टीवरून आपल्या वसाहतीत पुष्कळ तर्क लढवले जातात हे माझ्या कानांवर आहेच. पलीकडच्या इमारतीतल्या एका काकूंना तर मी कसल्याशा सरकारी मोजणीच्या कामावर लागले असे वाटत होते. तेव्हा आज खुलासाच करून टाकते. मी खाडीवर पाखरे पहावयास जाते.

याची सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. आपण सगळ्याच तेव्हा घरात कोंडून पडलो होतो. एप्रिल संपत आला होता. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उचलावयास मी संध्याकाळी वर गेले, तो खाडीच्या बाजूला आभाळात एक लांब रेघ हलताना दिसली. बगळ्यांची माळ म्हणावी तर रंग निराळा. ती रेघ जरा वळली, तिच्यावर उतरते ऊन पडले आणि एका क्षणात ती सबंध गुलाबी झाली. नात शेजारी उभी होती. ती ओरडली, "आजी, फ्लेमिंगो!" मी कुरडयांचे सूप हातात घेऊन तशीच उभी. मुलुंड पूर्वेला आम्ही राहायला आलो ते 1988 साली. महामार्ग ओलांडला की खाडी चालत पंचवीस मिनिटांवर. पण तोवर बत्तीस वर्षे खाडी म्हणजे डास, वास आणि उधाणाच्या दिवशी तुंबणारी गटारे, यापलीकडे माझी काही कल्पना नव्हती.

त्या वर्षी बाहेर पडण्याची सोयच नव्हती. पुढच्या थंडीत मात्र मी मुलाची जुनी दुर्बीण घेतली आणि एका दुपारी मिठागरांच्या बाजूच्या वाटेने खाडीवर गेले. काय दिसले? चिखल. पार क्षितिजापर्यंत चिखल, आणि अगदी पलीकडे तीळ सांडावेत तसे काही ठिपके. अर्धा तास उन्हात उभी राहिले आणि डोके धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा नाद आपला नव्हे, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते.

मला मार्गावर आणले ते आपल्या दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशींनी. त्यांचे सगळे आयुष्य खाडीवर गेलेले. माझी हकीकत ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, पानी बघून जावं. सुकतीला गेलीस तर पाखरू लांबच ऱ्हानार. त्याचं जेवान तिथं हाय. पानी चढायला लागलं की ते आपसूक तुझ्याकडं सरकतंय." पुस्तकांतून जे मला चार महिन्यांत उमगले नसते ते मावशींनी बोंबील मोजता मोजता सांगितले.

मग पाणी केव्हा चढते ते कसे कळावे? यालाही काही मोठे शास्त्र लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले असते ते पंचांग पुरते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ठोकळ आहे, आणि खाडीच्या आपल्या टोकाला पाणी पोचावयास आणखी वेळ लागतो. म्हणून मी तरी पाऊण-एक तास पुढेच धरते. आता पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जाऊन उभे राहिले, की पाणी पुढे पुढे येते, चिखल आखडत जातो, आणि त्यावर पसरलेली सगळी पाखरे आपल्या दिशेने लोटली जातात. तुम्ही पाखरांच्या मागे जावयाचे नाही. जागेवर स्वस्थ उभे राहावयाचे, पाणी त्यांना घेऊन येते.

द्वादशी आणि त्रयोदशी या माझ्या लाडक्या तिथी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसे चढत नाही, पाखरे दूरच राहतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्यात पाणी वेगाने येऊन सगळा चिखल एकदम झाकून टाकते आणि पाहावयास सवडच मिळत नाही. द्वादशीला मात्र पाणी पुरेसे चढते, तेही सकाळच्या सोयीच्या वेळी. शिवाय आदल्या दिवशी एकादशी झालेली असते. भांडी कमी पडलेली असतात, हा आणखी एक फायदा.

आता दिसते काय, ते सांगते. नावांसाठी मी कै. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' हाताशी ठेवला. त्याचा फार उपयोग झाला, परंतु पहिल्या वर्षी मी नावांच्या मागे लागलेच नाही. मी चोची पाहिल्या. चोच पाहिली की पाखरू काय खाते ते कळते, आणि काय खाते ते कळले की ते कोठे उभे राहील ते कळते. आपल्या ओट्यावर जशी सांडशी, चिमटा, झारा, चाळण, प्रत्येकीचे काम वेगळे, तसेच इथे आहे. टिलवा म्हणून एक चिमणीएवढे पाखरू असते. त्याची चोच आखूड. ते चिखलाच्या वरवरचे टिपत शिवणयंत्राच्या सुईसारखे धावते. मालगुजाची चोच लांब आणि सरळ. ती तो पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो आणि खोलवरचे किडे काढतो. कोरलाची त्याहून लांब आणि खाली वाकलेली, बिळांत वळवून घालावयास. शेकाट्याचे पाय गुलाबी काड्यांसारखे उंच, म्हणून इतरांना बुडवील अशा पाण्यात तो कोरडा राहतो. चमच्या तर नावाप्रमाणेच, उघड्या चोचीचा डाव पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत जातो. एकाच ताटावर इतकी मंडळी जेवतात आणि भांडण असे जवळजवळ होतच नाही, कारण ज्याचा त्याचा पदार्थ वेगळ्या खोलीवर वाढलेला आहे.

चिखल म्हणजे घाण असे आपण म्हणतो. मीही म्हणत होते. पण एकदा भरती यावयाच्या आधी कडेला बसून जवळून पाहिले. वीतभर जागेत किती हालचाल! बिळांतून लहान लहान खेकडे बाहेर येत होते. निवट्या पाण्याबाहेर उड्या मारीत होत्या. या निवट्यांचे कालवण कोळीवाड्यात किती आवडीने खातात ते तुम्हांला ठाऊकच आहे. तिवरांची झाडे हवा घेण्यासाठी आपली मुळे बोटांसारखी चिखलाबाहेर काढून उभी असतात, आणि त्या बोटांमध्ये कोलंबीची पिले वाढतात. आपल्या ताटातले पुष्कळसे तिथूनच आलेले असते.

टिलव्याविषयी आणखी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे दोन मोठे चमचे साखर. हे एवढेसे पाखरू उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियात घरटे करते आणि थंडीत आपल्या खाडीवर येते. हजारो मैल जाणे आणि हजारो मैल येणे, दर वर्षी. एप्रिलमध्ये परतीला निघण्यापूर्वी त्याला अंगावर चरबी चढवून घ्यावी लागते, वाटेतला शिधा म्हणून. त्या दिवसांत ते किती अधाशासारखे खाते! तपकिरी डोक्याचे कुरव लडाखकडच्या तळ्यांवर घरटी करतात. थंडीभर त्यांची डोकी पांढरी असतात, कानामागे तेवढा एक काळसर ठिपका. मार्च सरत आला की डोकी तपकिरी होऊ लागतात. आपल्याकडे माहेरी जावयाचे ठरले की मुलीचा चेहरा आठ दिवस आधीच बदलतो ना, तसेच.

याच कुरवांना आपले लोक पुलावरून आणि होडीतून गाठ्या-फरसाण टाकतात. कृपा करून टाकू नका. तळलेले, खारट खाणे त्यांच्या पोटाचे नाही. भूतदया म्हणून करावयास जातो आणि भलतेच होते.

आणि आता रोहित. फ्लेमिंगोला आपल्याकडे रोहित म्हणतात, अग्निपंख असेही नाव आहे. आपल्या खाडीवर दोन प्रकारचे येतात, मोठा आणि छोटा. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची सगळीच गडद. छोट्यांची संख्या जास्त. ते मान खाली घालून डोके उलटे धरतात आणि पाणी चोचीतून गाळून त्यातले बारीक शेवाळ खातात, म्हणजे चाळणच. त्यांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिले राखाडी असतात, रंग चढावयास काही वर्षे जावी लागतात. मुंबईत ते मोठ्या संख्येने दिसू लागले ते 1990 नंतरच्या काळात, आधी शिवडीला आणि मग खाडीभर. का आले, याविषयी अभ्यासकांचे एक मत असे की आपल्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी खाडीत जाते, त्यावर शेवाळ माजते आणि त्या शेवाळावर हे पोसले जातात. हे ऐकून आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी ते मला अजून ठरवता आलेले नाही. 2019 च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत ते 1 लाखाच्या वर भरले. 2015 साली सरकारने ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतचा सुमारे 1,690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. 2022 मध्ये रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ठाणे खाडीचे नाव गेले. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रापासून थंडीत होडीने नेतात, तीही भरती पाहूनच, कारण ओहोटीला होडी चिखलात रुतेल. तिथे एकदा अवश्य जावे.

हा पुरुषांचा उद्योग, आपल्याला कुठे जमणार, असे पुष्कळजणी म्हणतात, म्हणून जाता जाता सांगते. सलीम अलींचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण रांचीच्या जमाल आरा यांनी मुलांसाठी पाखरांवर लिहिलेले पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1970 साली काढले, आणि दिल्ली परिसरातल्या पाखरांवरचे उषा गांगुलींचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1975 साली प्रसिद्ध झाले. असो.

आता मी माझ्या भाषणाच्या नावाकडे वळते. ओहोटीला पाखरे चिखलावर जेवतात, हे कळले. पण दिवसातून दोन वेळा पाणी सगळा चिखल झाकून टाकते. तेव्हा ती काय करतात? टिलवे, मालगुजे, शेकाटे ही काही बदकांसारखी तरंगत बसणारी मंडळी नव्हेत. त्यांना पाण्याबाहेर, किंवा घोटाभर पाण्यात, मोकळी आणि निवांत जागा लागते. भोवती उंच झाडे नकोत, कारण शिकारी पक्षी आला तर दुरून दिसला पाहिजे. अशा जागेवर ती तीन-चार तास दाटीने उभी राहतात, पिसे विंचरतात, एका पायावर झोप घेतात आणि पाणी उतरावयाची वाट पाहतात. जागा जवळ नसेल तर लांब उडत जावे लागते. उडावयास चरबी जळते, आणि तीच तर त्यांना सैबेरियाच्या वाटेसाठी साठवावयाची असते. रोहितांनाही हे चुकलेले नाही. पाणी फार खोल झाले की ते नेरूळच्या बाजूच्या तळ्यांवर जातात. रात्रीही त्यांची ये-जा चालू असते. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात एका विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले, ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

म्हणजे पाखरांना दोन घरे लागतात. एक जेवणघर आणि एक निजघर. जेवणघर मोठे आहे, सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला आता कायद्याचेही थोडे संरक्षण आहे. निजघर कोठे असते? एखादा मिठाचा वाफा, एखादा खळगा, कडेचे उघडे मैदान. अशा जागेला आपण काय म्हणतो? रिकामी जागा.

असा एक खळगा मिठागरांच्या वाटेवर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मला 2021 साली सापडला. आपल्या मंडळाच्या सभागृहाच्या चौपट असेल. खाडीच्या बांधापासून जेमतेम शंभर पावलांवर. भरती पूर्ण होत आली की बांधावरून थवे उठत आणि थेट तिथे येऊन बसत. मी बांधाच्या उतारावर छत्री उघडून बसे, आणि तासभर माझ्याकडे कोणी लक्षही देत नसे. 2022 च्या जानेवारीत द्वादशीला मी तिथे 212 पाखरे मोजली. बहुतेक मालगुजे आणि शेकाटे, कडेला पंधरा-वीस टिलवे, आणि एक एकटा कोरल. माझ्या वहीत तारीख-तिथीनिशी नोंद आहे.

त्याच वर्षी गणपतीनंतर आम्ही स्वयंपाकघर नवे करून घेतले. जुन्या टाइल 1988 च्या. पिवळट रंग आणि मधोमध तपकिरी सूर्यफूल. सासूबाईंनी स्वतः दुकानात जाऊन पसंत केलेल्या. त्यांतल्या एका टाइलला ओट्याच्या वर सासऱ्यांनी भोक पाडून लाकडाची खुंटी बसवली होती, चहाची गाळणी अडकवावयास. चौतीस वर्षे गाळणी तिथेच होती. नव्या ओट्याच्या नादात त्या खुंटीकडे माझे लक्षही गेले नाही. ठेकेदाराने सगळे फोडले, गोण्या भरल्या आणि टेम्पोचे भाडे मागितले. मी घासाघीस करून 300 रुपये कमी करून घेतले. घरात सर्वांना मोठ्या अभिमानाने सांगितले.

2023 च्या जानेवारीत, पुन्हा द्वादशी पाहूनच, मी खळग्यावर गेले. वाटेच्या बाजूने अर्धाअधिक खळगा भरलेला होता. विटा, प्लास्टरचे ढेकळे, फुटके संडास, खिडक्यांच्या चौकटी. डेब्रिज डेब्रिज म्हणतो तो राडारोडा. राहिलेल्या पाण्यात थोडे शेकाटे दाटीवाटीने उभे होते. मी 64 मोजले. मला फार संताप आला. लोकांना काही लाज नाही, असे मोठ्याने म्हणालेसुद्धा. आणि मग पुढच्या ढिगाऱ्यावर मला सूर्यफूल दिसले.

प्रथम वाटले, तशा टाइल कितीतरी घरांत असतील. जवळ गेले. आणखी दोन दिसल्या, आणि मग ती भोकाची. खुंटी अजून जागच्या जागी होती. तिच्या टोकाला चहाचा काळा डागही होता.

मी ती टाइल पिशवीत घातली आणि घरी आले. त्या दिवशी दुपारी कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी ठेकेदाराला फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच विचारले की आमचा राडारोडा खाडीवर का टाकला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, लांब नेतो म्हटलं तर भाडं जास्त होतं. तुम्हीच म्हणालात, एवढं कशाला, कमी कर. मग जवळच टाकणार ना?" यावर मजजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. संबंधित कचेरीत मी दोन अर्ज दिले. एका अर्जाची पोच मिळाली. सात-आठ महिन्यांनी वाटेवर एक फलक लागला, 'येथे राडारोडा टाकण्यास सक्त मनाई आहे.' सध्या फलकाच्या पायथ्याशी राडारोडा आहे. आमचे हे म्हणाले, "तुझ्या वीस-पंचवीस टाइलांनी का खळगा भरला?" ते खरेच आहे. माझ्या एकटीच्या टाइलांनी भरला नाही. आणि पाखरे कमी झाली ती यामुळेच, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन मोजण्यांवरून कोणी जाणकार असा निष्कर्ष काढणार नाही. थंडी कमी-जास्त असते, पाऊस लांबतो, पाखरे जागा बदलतात. गेल्या दोन वर्षांत खळग्यातले काही थवे पलीकडच्या वाफ्यांवर जाताना मी पाहिले आहेत. तिथे त्यांना बरे असेल तर चांगलेच आहे. पण भरतीच्या ऐन वेळी पन्नास-साठ मालगुजे खळग्यावर येतात, दोन घिरट्या घालतात, खाली उतरावयास पाय सोडतात आणि ढिगारे पाहून पुन्हा वर उचलले जातात, हेही मी पाहिले आहे. ते पाहताना माझी नजर सूर्यफुलांकडे जाते. दोन टाइल अजून वर दिसतात.

आपल्या वसाहतीत यंदा दोन इमारती पुनर्बांधणीला जाणार आहेत. आठ-दहाजणींची स्वयंपाकघरे पाडव्यापर्यंत नवी होतील, असे हळदीकुंकवाच्या गप्पांतच मला कळले. म्हणून ही माहिती देते. 2016 साली केंद्र सरकारने पाडकामाच्या कचऱ्याचे नियम केले. त्यांत, कचरा ज्याच्या घरातून निघाला त्याची जबाबदारी आहे असे म्हटले होते. ठेकेदाराची म्हणून आपली सुटत नाही. महानगरपालिकेला कळवले तर ती राडारोडा उचलावयाची व्यवस्था करते. त्यासाठी काही भरावे लागेल का, हे विभाग कचेरीत आधी विचारून ठेवावे. ठेकेदाराशी बोलणी करताना टाइल कोणत्या कंपनीच्या, नळ कोणत्या कंपनीचे, हे आपण चार वेळा विचारतो. जुने कोठे जाणार, हेही त्याच वेळी विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. आणि टेम्पोच्या भाड्यात घासाघीस करू नये. बाकी कशातही करा.

रथसप्तमीनंतरच्या द्वादशीला खाडीवर जावयाचे ठरवले आहे. आठजणींनी नावे दिली आहेत, आणखी चारजणींना जागा आहे. सकाळी पावणेआठला डेअरीच्या कोपऱ्यावर जमावयाचे. भडक रंगाच्या साड्या नकोत, पांढऱ्याही नकोत. पायांत चपला नकोत, बूट असावेत. पाण्याची बाटली आणि टोपी किंवा छत्री घ्यावी. बोलणे हळू आवाजात. हा नियम मी स्वतःसाठीही सांगते आहे. भरती साधारण दहाला पूर्ण होईल, साडेदहाला परत निघू. दुर्बिणी दोनच आहेत. कोणाकडे नाटकाला नेण्याची जुनी दुर्बीण असेल तर तीही चालेल.

आणि ती खुंटीची टाइल मी आज आणली आहे. तिळगुळाच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवली आहे. हळदीकुंकू घेताना पाहून जावी. कडा फुटलेल्या आहेत, तेव्हा लहान मुलींना हात लावू देऊ नका.